‘हे प्रकरण माझंच आहे ना?’ – एआय वापरणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांचे प्रश्न

पीएचडी करताना जनरेटिव्ह एआय (चॅटजीपीटीसारखी मजकूर तयार करणारी साधनं) वापरल्याने मनावर काय परिणाम होतो, याबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं, विभाग आणि विद्यापीठं काढून टाकली आहेत.

साहित्य आढाव्याचं (विषयावर आधी झालेल्या संशोधनाचा आढावा घेणारं) प्रकरण एआयच्या मदतीने तीन आठवड्यांत झालं. गाइड खूश आहेत. मला मात्र ती फाइल उघडवत नाही. चर्चासत्रात कोणी काही विचारलं तर, या विचारानेच पोटात गोळा येतो. काम तर झालंय, मग असं का?

प्रकरण लिहून झालं, पण त्यासाठी जो अभ्यास व्हायला हवा होता तो पूर्ण झालेला नाही, म्हणून. साहित्य आढाव्याचं खरं फलित कागदावर नसतं. कोण काय म्हणतो, कोणाचं कोणाशी पटत नाही, कुठली जागा रिकामी आहे, हे साठ-सत्तर लेख वाचता वाचता डोक्यात बसतं आणि त्याच जोरावर माणूस चर्चासत्रात उभा राहतो. स्लामेका आणि ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं की नुसत्या वाचलेल्या शब्दांपेक्षा स्वतः तयार केलेले शब्द जास्त लक्षात राहतात. तयार परिच्छेद वाचून ‘बरोबर वाटतंय’ म्हणत पुढे गेलं, की नेमका हाच फायदा हातचा जातो.

यात दुसरी एक गोष्टही मिसळलेली असते. आपण या जागेला लायक नाही, एक दिवस उघडे पडू, ही भावना संशोधकांमध्ये एआयच्या कितीतरी आधीपासून आहे. क्लान्स आणि आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच तिचं वर्णन केलं होतं. पूर्वी तिला पुरावा नसायचा, आता एआय तो आयता पुरवतं. त्यामुळे खरी उणीव किती आणि उगाचची भीती किती, हे वेगळं करावं लागतं.

त्यासाठी प्रकरणाची छापील प्रत आणि पेन्सिल घ्या. प्रत्येक परिच्छेदापुढे एक खूण करा. भूमिका आणि वाक्यं दोन्ही माझी असतील तर ‘क’. भूमिका माझी, पण वाक्यं एआयने घडवलेली असतील तर ‘ख’. ही भूमिका कुठून आली तेच सांगता येत नसेल तर ‘ग’. ‘ख’ची काळजी करू नका, तिथे विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे नोंद केली की झालं. सगळी धास्ती ‘ग’मध्ये असते आणि आता ती मोजता येते. ‘एकूण ४१ परिच्छेदांपैकी नऊ’ असं कळलं, की ‘सगळंच खोटं आहे’ हे वाटणं बरंच ओसरतं.

मग एकेक ‘ग’ घ्या. त्यात उल्लेख केलेले दोन-तीन लेख काढा, त्यांची पद्धत आणि निष्कर्ष वाचा, सगळं मिटा आणि कोऱ्या कागदावर हाताने पाच-सहा वाक्यं लिहा. नंतर मूळ परिच्छेदाशी ताडून बघा. एका परिच्छेदाला दीड-दोन तास जातात, त्यामुळे दिवसाला दोनच घ्या. जो परिच्छेद दोन प्रयत्नांनंतरही स्वतःच्या शब्दांत मांडता येत नाही, तो काढून टाका. प्रकरण चार पानांनी कमी झालं म्हणून कोणी नापास करत नाही. लिहिलेलं समजावून सांगता आलं नाही, तर मात्र व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, अवघड जाते.

पुढच्या प्रकरणांसाठी एकच नियम पाळा: आधी आपलं अर्धं पान, मग एआय. भाषा साफसूफ करणं, तक्त्याची मांडणी, लाटेक या प्रबंध-मांडणीच्या सॉफ्टवेअरमधली चूक शोधणं, आपल्या युक्तिवादावर उलट प्रश्न काढून घेणं ही कामं बिनदिक्कत द्या. पहिला खर्डा, निष्कर्षाचा अर्थ लावणं आणि ‘संशोधनातली रिकामी जागा’ ठरवणं ही तीन कामं देऊ नका. ही यादी आळस टाळण्यासाठी नाही, आत्मविश्वास ज्या कामांतून येतो ती कामं स्वतःकडे राहावीत म्हणून आहे.

एआयने दिलेले काही संदर्भ अस्तित्वातच नव्हते हे उशिरा लक्षात आलं. आता प्रत्येक ओळीवर संशय येतो. तपासण्यात दिवस जातो आणि रात्री पुन्हा तेच तपासावंसं वाटतं.

चूक कशी होते हे कळलं की संशय आटोक्यात येतो. भाषेचं मॉडेल (चॅटबॉटच्या आतली यंत्रणा) स्वतःहून ग्रंथालयाच्या सूचीत बघत नाही, कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द येण्याचा संभव जास्त हे बघून मजकूर जुळवतं. म्हणून लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्ष पटण्यासारखं, खंड क्रमांकसुद्धा दिलेला, आणि लेख मात्र कधी लिहिलाच गेला नाही, असं होतं. खास वैज्ञानिक मजकुरासाठी बनवलेलं मेटाचं ‘गॅलॅक्टिका’ नोव्हेंबर २०२२ मध्ये खुलं झालं आणि असल्याच बनावट पण भारदस्त मजकुरावरून टीका झाल्यावर तीन दिवसांत त्याचा डेमो बंद करावा लागला. इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देणाऱ्या साधनांत हा दोष कमी होतो. पण त्यापेक्षा लबाड असे दोन दोष उरतात. एक, लेख खरा असतो पण त्याच्या नावावर खपवलेला दावा त्यात नसतो. दुसरा, आढावा लेखातलं वाक्य मूळ संशोधनाच्या नावावर टाकलेलं असतं. हे दोन्ही दोष नुसता दुवा उघडून कळत नाहीत.

तपासण्याचा क्रम असा ठेवा. डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) असेल तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाका. भलताच लेख उघडला तर तो संदर्भ बाद. डीओआय नसेल तर पूर्ण शीर्षक अवतरण चिन्हांत घालून गूगल स्कॉलर आणि क्रॉसरेफ या संशोधन-लेखांच्या शोधसाधनांवर शोधा. पुस्तक किंवा जुना प्रादेशिक लेख असेल तर ग्रंथालयाची सूचीही बघा. पाच मिनिटांत सापडलं नाही तर बाद करा आणि त्याचा पिच्छा सोडा. जे अस्तित्वातच नाही त्याचा शोध कधी संपत नाही, आणि माणूस दमतो तो इथेच.

लेख सापडला तर ज्या दाव्यासाठी तो हवा आहे ती जागा शोधून पान क्रमांक आणि मूळ वाक्य झोटेरोच्या (संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) टिपणात उतरवून ठेवा. पान क्रमांक नाही तर संदर्भ नाही. लेख मागे घेतलेला असेल तर झोटेरो तसा इशारा देतं, तो बंद करू नका.

एका बैठकीत दहाच संदर्भ घ्या, फार तर पन्नास मिनिटं. त्यापुढे डोळे नुसते फिरतात आणि चुकीचंही बरोबर दिसायला लागतं. प्रत्येकाला ‘तपासला’, ‘अर्धवट’ किंवा ‘बाद’ असं लेबल लावा. रात्री पुन्हा तपासावंसं वाटलं तर फक्त ‘अर्धवट’ किती उरलेत तो आकडा बघायचा, फाइल उघडायची नाही.

मुळात क्रमच उलटा करणं उत्तम. लेख आधी स्वतः डेटाबेसमधून गोळा करा, चांगल्या पाच-सहा लेखांची संदर्भसूची आणि त्यांना पुढे कोणी उद्धृत केलं ते बघत यादी वाढवा. मग त्या पीडीएफ साधनाला देऊन ‘फक्त यातूनच, पान क्रमांकासह उत्तर दे’ असं सांगा. तरीही पान उघडून बघावं लागतंच, पण संशय आता बंदिस्त जागेत राहतो.

पूर्ण स्वतः लिहिलेल्या प्रकरणाला एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने ‘एआयने लिहिलेलं’ ठरवलं. समितीपुढे बोलावलंय. हातपाय गळालेत.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या: असा अहवाल म्हणजे अंदाज असतो. वाङ्मयचौर्याच्या अहवालात मूळ स्रोत समोर ठेवून तुलना करता येते, इथे तसा स्रोतच नसतो. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं ओळखयंत्र आणलं. कंपनीच्याच चाचणीत एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के मजकूर त्याने बरोबर ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारला. अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात ओळखयंत्रं तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांवर सरासरी ६१ टक्के वेळा चुकीचा शिक्का बसला. कारण सरळ आहे: ही यंत्रं शब्दनिवड किती अपेक्षित आहे ते मोजतात, आणि परक्या भाषेत जपून लिहिणाऱ्याची शब्दनिवड अपेक्षितच असते. यंत्राची चूक एक टक्का जरी धरली, तरी स्वतः लिहिलेल्या २०० प्रबंधांमागे दोन निरपराध अडकतात. हे गणित समितीपुढे जरूर मांडा.

पण भर पुराव्यावर द्या. वर्डची किंवा गूगल डॉक्सची आवृत्ती-नोंद, तारखांसह जुने खर्डे, गाइडच्या शेऱ्यांचे ईमेल, हस्तलिखित टिपणं, झोटेरोत लेख जोडल्याच्या तारखा, विश्लेषणाच्या फाइल्स एका फोल्डरमध्ये लावा. एका पानाची कालरेषा करा: कुठल्या महिन्यात कुठला भाग लिहिला, त्याचा पुरावा कोणता. लेखी मागा की कुठलं सॉफ्टवेअर, कुठली आवृत्ती, कुठले परिच्छेद. आणि ‘यातल्या कुठल्याही परिच्छेदावर आत्ता तोंडी प्रश्न विचारा’ असं स्वतःहून सांगा. याहून मजबूत बचाव नाही.

दोन गोष्टी करू नका. मजकूर ‘माणसासारखा’ करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून प्रकरण काढू नका, त्याने निर्दोष माणूस संशयास्पद दिसतो. आणि भाषा सुधारायला एआय वापरलं असेल तर ‘अजिबात नाही’ असं म्हणू नका. जेवढं वापरलं तेवढं सांगा. समितीपुढे एकटं जाऊ नका. नियमात बसत असेल तर सोबत कोणी न्या, नसेल तर निदान बाहेर थांबायला सांगा.

माझ्या विश्लेषणाचा कोड जवळपास पूर्ण एआयने लिहिला. चालतो, उत्तरही छान येतं. पण आतून सारखं वाटतं की कुठेतरी चुकलंय आणि ते लेख छापल्यावर कळणार.

ही शंका आरोग्यदायी आहे, तिला काम द्या. एआयच्या कोडमधल्या धोकादायक चुका लाल अक्षरांत दिसत नाहीत. कोड सुरळीत चालतो आणि उत्तर चुकतं. नेहमीच्या जागा तीन. माहिती अपुरी असलेल्या ओळी गुपचूप वगळल्या जातात. दोन फाइल्स जोडताना एका व्यक्तीच्या दोन ओळी होतात. आणि १, २, ३ अशा संकेतांनी लिहिलेले गट खऱ्या संख्या समजून गणितात घेतले जातात.

पहिल्या दोन चुका पकडायला प्रत्येक टप्प्यानंतर ओळींची संख्या छापून घ्या. समजा ४१२ प्रतिसाद आत गेले आणि सांख्यिकी प्रतिरूपात (मॉडेलमध्ये) २८७ च पोचले, तर १२५ कुठे गेले याचं उत्तर तुमच्याकडे हवं. जोडणी झाल्यावर ४३० झाले, तर दुहेरी नोंद आहे. तिसरी चूक तक्त्यातच दिसते: ‘विद्याशाखा’ या घटकाचे चार गट असताना तिच्यासाठी एकच सहगुणक (संबंध किती आहे ते सांगणारी संख्या) आला असेल तर संकेत संख्या म्हणून गेले आहेत.

मग खरी कसोटी. २०० ओळींची बनावट माहिती तयार करा, जिच्यात दोन चलांमधला संबंध तुम्हीच ठरवलाय, उदाहरणार्थ सहगुणक ०.५. तोच कोड तिच्यावर चालवा. उत्तर ०.५ च्या आसपास यायला हवं. मग संबंध शून्य ठेवून पुन्हा चालवा. दोन्हीकडे बरोबर आलं तर बरीचशी भीती गेली. शेवटी एखादा छोटा भाग, पाच-दहा ओळींचा, कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये हाताने सोडवून ताडून बघा. एवढ्याला एक दिवस लागतो. कोडमधली प्रत्येक ओळ कळली नाही तरी चालेल, प्रत्येक टप्पा काय करतो ते मात्र सांगता यायला हवं.

लॅबमधली मैत्रीण एआयच्या जोरावर भराभर लेख लिहिते. मी मागे पडतोय.

काही कामांत वेग खरोखर वाढतो. नॉय आणि झांग या संशोधकांच्या २०२३ च्या प्रयोगात व्यावसायिक लेखनाची छोटी कामं चॅटजीपीटीमुळे ४० टक्के कमी वेळात झाली आणि दर्जा १८ टक्क्यांनी वाढला. पण ती कामं अर्ध्या तासाची होती, पीएचडी नव्हती. उलट उदाहरणही आहे. २०२५ मध्ये मीटर या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांत काम दिलं. एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम झाल्यावर त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के वेगाने काम केलं. वेग वाढल्याची भावना आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन आठवडे स्वतःचा वेळ लिहून ठेवा: प्रॉम्प्टला किती, दुरुस्तीला किती, तपासणीला किती. मैत्रिणीचा तपासणीचा वेळ तुम्हाला दिसत नाही, तुमचा तरी दिसू दे.

रात्री कोणाशी बोलावं कळत नाही, तेव्हा चॅटबॉटशी बोलते. बरं वाटतं. गाइडला विचारायचे प्रश्नही आता त्यालाच विचारते. यात वाईट काय?

बरं वाटतं त्यात वाईट काही नाही. मनातला गोंधळ लिहून काढायला, गाइडला पाठवायच्या ईमेलचा सूर ठीक आहे ना हे बघायला चॅटबॉट उपयोगी पडतो. अडचण दुसरीकडे आहे. ही साधनं समोरच्याला दुजोरा देण्याकडे झुकतात. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीत केलेला एक बदल काही दिवसांत मागे घेतला, कारण तो वापरणाऱ्याची अवास्तव भलामण करत होता. संशोधनात हे महागात पडतं: कच्च्या कल्पनेला ‘उत्कृष्ट’ म्हणणारा श्रोता सहा महिने चुकीच्या वाटेने नेतो. ‘ही कल्पना कशी आहे?’ असं विचारू नका. ‘हा प्रस्ताव दुसऱ्या कोणाचा आहे, तो नाकारायची तीन सर्वांत भक्कम कारणं दे’ असं विचारा. फरक लगेच दिसेल.

दुसरी अडचण अशी की गाइडला एक प्रश्न विचारायचा राहून गेला की त्याबरोबर बरंच काही राहून जातं: तुम्ही काय करताय हे त्यांना कळणं, त्यांनी कोणाशी तरी ओळख करून देणं, शिफारसपत्रात लिहिण्यासारखं काही असणं. बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागातल्या ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ३२ टक्के जणांना मानसिक आजाराचा, विशेषतः नैराश्याचा, धोका दिसला होता, आणि गाइडची वागणूक हा त्याच्याशी जोडलेला एक घटक होता. म्हणजे हा ताण चॅटजीपीटी यायच्या आधीचा आहे. आठवड्याला निदान दोन प्रश्न माणसाला विचारायचे असं ठरवा, एक गाइडला, एक सहसंशोधकाला.

स्वतःची अवस्था मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची ‘डब्ल्यूएचओ-५’ सूची आहे. गेल्या दोन आठवड्यांत उत्साह, शांतपणा, ताजेपणा किती वेळ वाटला याला ० ते ५ गुण द्यायचे, बेरजेला चारने गुणायचं. ५० किंवा त्याखाली आलं तर समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा. हे निदान नाही, भेटायला जाण्याचं कारण आहे. आणि जगू नये असे विचार येत असतील तर गुण मोजत बसू नका, चॅटबॉट बंद करून आत्ता जवळच्या माणसाला किंवा संकटकालीन मदतवाहिनीला फोन करा.

मुलाखतींचं ध्वनिमुद्रण एआयला देऊन लिहून घेतलं तर वेळ वाचेल. चालेल का?

सहभागींच्या संमतिपत्रात आणि नैतिकता समितीच्या मंजुरीत तसं नसेल तर नाही. नाव खोडलं तरी आवाज, गाव, हुद्दा यांवरून माणूस ओळखू येतो. बोलण्याचा मजकूर करणारं व्हिस्परसारखं मॉडेल स्वतःच्या संगणकावर इंटरनेटशिवाय चालतं, समितीला विचारून ते वापरा. शांत जागा आल्या की ते कधीकधी न बोललेली वाक्यं लिहितं, म्हणून ध्वनिमुद्रण ऐकत मजकूर एकदा पूर्ण ताडून घ्या. फाइल आधीच ऑनलाइन साधनात टाकली असेल तर आजच ती पुसा आणि गाइडला सांगा. लपवलेली गोष्ट जेवढी झोप खाते तेवढी सांगितलेली खात नाही.

मी गाइड आहे. विद्यार्थी एआय वापरतात हे उघड आहे, पण कोणी बोलत नाही. बंदी घालू का?

बंदी घातली तर वापर थांबत नाही, फक्त तुमच्यापासून लपतो. मग चूक होते तेव्हा विद्यार्थी सांगायलाही येत नाही. त्याऐवजी पहिल्याच बैठकीत पाऊण तास काढून एका पानाचा करार करा: कुठल्या कामाला न विचारता, कुठल्या कामाला विचारून आणि कुठल्या कामाला अजिबात नाही. तुम्ही स्वतः एआय कुठे वापरता तेही त्यात लिहा. विद्यार्थ्याचा अप्रकाशित मजकूर त्याला न विचारता साधनात टाकून शेरे काढत असाल तर ते आधी थांबवा. दर सहा महिन्यांनी पान पुन्हा बघा, कारण साधनं बदलतात. आणि एआयमुळे वेळ वाचतो म्हणून दोन लेखांऐवजी तीन मागू नका. वाचलेला वेळ तपासणीला लागतो.

प्रबंधात एआयच्या वापराबद्दल किती लिहायचं?

‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये आणि प्रकाशन-नैतिकतेच्या ‘कोप’ या समितीने त्याच वर्षी भूमिका स्पष्ट केली: एआय लेखक होऊ शकत नाही, कारण त्याला जबाबदारी घेता येत नाही, आणि वापर सांगायला हवा. ‘सायन्स’ या नियतकालिकाने आधी बंदी घातली होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये ती शिथिल करून नोंदीची अट ठेवली. विद्यापीठाचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळायचा.

पद्धतीच्या प्रकरणात किंवा ऋणनिर्देशाआधी असा मजकूर पुरतो: ‘प्रकरण २ आणि ४ मधील भाषा सुधारण्यासाठी (साधनाचं नाव, आवृत्ती) जून ते सप्टेंबर या काळात वापरलं. प्रकरण ५ मधील आलेखांच्या कोडचा पहिला खर्डा याच साधनाने केला असून तो बनावट माहितीवर तपासला आहे. युक्तिवाद, विश्लेषण आणि निष्कर्ष माझे आहेत.’ हे शेवटच्या महिन्यात आठवून लिहायला बसलात तर निम्मं आठवणार नाही. म्हणून एक साधी स्प्रेडशीट ठेवा, पाच रकान्यांची: तारीख, साधन, कशासाठी, काय ठेवलं, कसं तपासलं. दिवसाला दोन मिनिटं लागतात. निव्वळ शुद्धलेखन तपासणी बहुतेक नियतकालिकं विचारत नाहीत, तरी ज्या नियतकालिकाला लेख पाठवताय त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना बघून घ्या.